गिरणीच्या ओट्यावरची बिडी

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते. नवख्या माणसाला वाटतं, बाई भांडतेय. अहो, सगळी उमर पिठाच्या गिरणीत गेली माझी! पट्टा फिरतोय, जातं घरघरतंय, आणि पलीकडून एखादी विचारतेय, "माझी ज्वारी गव्हावर तर नाही ना टाकली?" तिला हळू आवाजात उत्तर देऊन कसं चालेल? पुढे नवरा गेला, गिरणी बंद झाली, गिरणीची मोटार मुलानं विकून टाकली, पण आवाज चढला तो चढलाच. आता घरात मी एकटी. साखरेचा डबा कुठे ठेवला म्हणून स्वतःलाच विचारते, तर शेजारची खिडकी उघडते.

घर धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलनीत. पुढच्या खोलीत गिरणी होती आणि तिच्यासमोर शहाबादी फरशीचा लांबलचक ओटा. दळणाचे डबे रांगेत ठेवून बाया तिथे बसायच्या. शटरशेजारी माझ्या नवऱ्यानं लाल रंगानं पाटी लिहिली होती, 'येथे बिडी-सिगारेट ओढू नये'. गिरणीत पीठ उडतं, ठिणगी पडली तर भडका व्हायला वेळ लागत नाही. सार्वजनिक जागी बिडी ओढू द्यावी की नाही, यावर लोक आत्ता वाद घालतात. माझ्या ओट्यावर तो प्रश्न कधीच मिटला होता.

नवऱ्यानं जन्मात बिडीला हात लावला नाही आणि तरी श्वासाच्या दुखण्यानंच गेला. पीठ बसलं छातीत. शेवटच्या वर्षी तर बशीतला चहा फुंकायला त्याला दम पुरेना, मी फुंकून द्यायची. खिडकीशी खाट होती. रस्त्यावरून कुणी सिगारेट ओढत गेलं की तो धूर आत यायचा आणि हा माणूस खोकून खोकून निळा पडायचा. मग मी बाहेर. समोर कॉलेजातला पोरगा असो की बँकेतला साहेब, त्याची अशी काही पूजा बांधायची की दुसऱ्या दिवशी तो रस्ता बदलायचा. कोपऱ्यावरच्या टपरीवरची मुलं मला लांबून बघूनच सिगारेटी पाठीमागे लपवायची. आजही लपवतात.

नवरा गेल्यावर गिरणी मी एकटीनं थोडे दिवस चालवली. पण पिठाच्या तयार पिशव्या आल्या, कुणी घरीच छोटी चक्की घेतली, आणि ओट्यावरचे डबे कमी कमी होत गेले. मोटार विकली त्या दिवशी घरात जी शांतता झाली ना, ती मला अजून सोसत नाही. एकटेपणाची सवय होते म्हणतात. खोटं आहे ते. मला नाही झाली. रविवारी पुण्याहून मुलाचा फोन येतो, "जेवलीस का?" मी म्हणते, "जेवले." मग तो म्हणतो, "बरं, काळजी घे." झालं आमचं बोलणं.

तर अशात एका उन्हाळ्यात, ऊन उतरल्यावर, मी आत लसूण सोलत होते आणि बाहेर काडी ओढल्याचा आवाज आला. खर्रर्र. तो आवाज मला भिंतीपलीकडून कळतो. दार उघडलं तर ओट्याच्या टोकाला पांढऱ्या सदऱ्यातला, डोक्यावर टोपी घातलेला एक म्हातारा बसलेला आणि तोंडात बिडी!

"ओ बाबा! उठा! ही काय चावडी वाटली का?"

तो दचकला नाही की उठला नाही. शटरकडे, भिंतीकडे, वर-खाली बघून म्हणाला, "अक्का, बोर्ड ते दिखत नही आठे."

खरंच की! रंग देताना पाटी उतरवली होती आणि परत लावायची राहूनच गेली. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "पाटी नाही, मी आहे ना!"

त्यावर तो हसला. बिडी फरशीवर न विझवता चपलेच्या तळव्यावर विझवली, थोटूक खिशात टाकलं आणि म्हणाला, "बरोबर शे." आणि निघून गेला. मला वाटलं, आता हा काही परत यायचा नाही. आणि खरं सांगते, दार लावताना मला वाईट वाटलं. कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी दोन वाक्यं भांडले होते.

दुसऱ्या दिवशी तो आला. आधी चिमूटभर माती उचलून हातातून सोडली, वारा कुणीकडे वाहतोय ते बघितलं आणि धूर रस्त्याकडे जाईल अशा टोकाला जाऊन बसला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आते चाली का?"

आता अशा माणसाला काय बोलायचं? मी म्हटलं, "एकच. आणि थोटूक इथे टाकायचं नाही."

असा तो रोज यायला लागला. साक्रीकडच्या एका खेड्यातला. एसटीत ड्रायव्हर होता, धुळे-साक्री रस्त्याचा खड्डा न खड्डा त्याला पाठ. बायको गेल्यावर मुलानं इथे आमच्या कॉलनीत आणून ठेवला. मुलगा चांगला, सूनही चांगली, तीन वर्षांची नात. लहान लेकरू असल्यावर घरात बिडी नाही, हे सुनेनं सांगितलं आणि ते त्यालाही पटलं होतं. बागेत पाटी, पाटीखाली वॉचमन. टपरीवर सगळी पोरंसोरं, त्यांच्यात म्हातारा माणूस उभा कुठे राहणार? उरला माझा ओटा. मी त्याला आबा म्हणायची, तो मला अक्का. मी एरंडोलकडची, पण गिरणीत गावोगावच्या बायांशी बोलून माझी बोली म्हणजे खिचडी झालेली. तो मात्र चोख अहिराणीच बोलायचा, आणि ती ऐकून मला माहेरी आल्यासारखं वाटायचं.

बिडी संपेपर्यंत मी उंबऱ्याच्या आत आणि तो ओट्याच्या टोकाला. हात धुऊन चूळ भरली की मगच चहा, असा माझा नियम होता. बोलणं तरी काय, वांग्याला औंदा चव नाही, पांझरा नदीला पाणी सोडलं की नाही, त्याच्या एसटीत एकदा नवरदेव मागे राहिला आणि वरात पुढे गेली, असलंच. पण त्या तासाभरासाठी मी दुपारी केस विंचरायला लागले होते. हसायचं तर हसा.

समोरच्या बाईनं एकदा विचारलंच, "अक्का, हे रोज येतात वाटतं?"

मी म्हटलं, "बिडी ओढायला येतात. घरी लहान लेकरू आहे ना."

"हो का? बिचारे!" म्हणाली आणि विषय संपला. हातात बिडी होती म्हणून तो बिचारा. नसती, तर एक विधुर म्हातारा रोज एका विधवेच्या दारात का बसतो, याचा कॉलनीनं महिनाभर कीस पाडला असता. आम्हा दोघांनाही हे माहीत होतं. म्हणून मी त्याला ओरडायची, चारचौघांना ऐकू जाईल असं ओरडायची, "झाली का तुमची होळी पेटवून?" आणि तोही मोठ्यानं म्हणायचा, "हुई गयी, हुई गयी!"

पोळा झाला आणि त्यानंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं की त्याची बिडी सारखी विझतेय. सिगारेट कशी, एकदा पेटवली की नुसती धरून ठेवली तरी जळत राहते. बिडीचं तसं नाही. तिला दम द्यावा लागतो. ओढत राहिलं नाही तर ती विझते. आबांची बिडी दोन वाक्यांत विझायची. मग काडी. परत विझायची, परत काडी. ओट्याच्या फटीत काड्याच काड्या! मी झाडू घेऊन करवादायची, "आबा, बिडी ओढता की काड्यांचा कारखाना काढलाय?"

"हवा शे, अक्का."

"कसली हवा? पान हलत नाहीये."

"मंग बिडी फुसकी शे."

मी हसले आणि चहा गाळायला आत गेले. बशीतला चहा आठवला. न फुंकला जाणारा चहा. या माणसाला बिडी ओढण्याइतकाही दम उरला नाही की काय? मग मी त्याच्याकडे नीट बघायला लागले. ओट्याच्या दोन पायऱ्या चढताना हात गुडघ्यावर ठेवतो का, बोलता बोलता थांबतो का. म्हातारा माणूस, थांबायचाच. मला प्रत्येक थांबण्यात घरघर ऐकू यायला लागली. एकदा म्हटलं, "डॉक्टरला दाखवा." तर म्हणाला, "काय बी हुयेल नही माले." माझा नवराही अगदी हेच म्हणायचा.

दिवाळीनंतर कॉलनीची मीटिंग भरली, मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात. टपरीवरची मुलं शाळेच्या बसथांब्यापर्यंत पसरली होती, लेकरांच्या तोंडावर धूर सोडत होती. बाया चिडल्या होत्या आणि बरोबरच चिडल्या होत्या. ठरलं की बाग, देऊळ, बसथांबा, कॉलनीतले सगळे रस्ते, कुठेही बिडी-सिगारेट नाही. टपरीवाल्यालाही सांगायचं. मग कॉलनीचे अध्यक्ष, शाळेतून निवृत्त झालेले एक सर, घसा साफ करून म्हणाले, "रस्त्यावरचे ओटे धरायचे की नाही? ते तसे खासगी आहेत." आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. रस्त्यावर ओटा असा एकच आहे, माझा. सर म्हणाले, "अक्का, तुम्ही म्हणाल तसं."

आबा मागे खांबाला टेकून बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते.

त्या दोन मिनिटांत माझ्या मनात काय काय होऊन गेलं, ते मलाच माहीत. नाही म्हटलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. खासगी जागा, म्हातारा माणूस, दिवसाला एक बिडी. संध्याकाळ माझी राहिली असती. पण मला त्या विझणाऱ्या बिड्या दिसत होत्या. मी एका माणसाला श्वासासाठी तडफडताना बघितलंय. दुसऱ्याला माझ्याच ओट्यावर बसवून, चहा पाजून, तिकडे पोचवू? तो गेला तर संध्याकाळ तरी कुठे राहणार होती? त्यापेक्षा इथे न येता जगू दे की!

मी उभी राहिले आणि गिरणीतल्या आवाजात म्हटलं, "माझा ओटाही धरा. उद्यापासून तिथे कुणी बिडी घेऊन बसायचं नाही."

टाळ्या वाजल्या. टाळ्या थांबल्यावर मागून आवाज आला, "अक्कानी बरोबर सांगं." मी वळून बघितलं, तर आबा खाली वाकून चपला शोधत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. येणार नव्हतेच, मीच तर सांगितलं होतं. तरी चहाचं आधण दोन कपांचंच ठेवलं गेलं. ऊन उतरलं, दूधवाला गेला, दिवे लागले. मी ओटा झाडला. झाडायला काही नव्हतं. असे किती दिवस गेले ते मोजले नाहीत मी. समोरची बाई म्हणाली, "बरं झालं हो अक्का, सुटलात त्या धुरातून." मी म्हटलं, "हो ना." आत येऊन पंखा मोठा केला, उगाच, काहीतरी घरघरावं म्हणून.

शेवटी मी उठले. आता मला त्यांच्या घरी जायचं तर निमित्त हवं! डब्यात उन्हाळ्यात केलेले बिबडे होते, ज्वारीचे पापड, ते पिशवीत भरले आणि गेले. सुनेनं दार उघडलं. पोर गोड आहे, लगेच पाणी आणलं. मी इकडेतिकडे बघत विचारलं, "आबा दिसत नाहीत?"

"ते गावी गेले, अक्का. साक्रीकडे, काकांकडे. इथे करमत नाही म्हणाले."

"तब्येत बरी आहे ना? दम वगैरे?"

"दम? छे हो! मागच्याच महिन्यात यांनी सगळ्या तपासण्या करून आणल्या. डॉक्टर म्हणाले, बिडी सोडल्याचा चांगला फायदा झालाय."

"सोडली? कधी?"

"पोळ्याला." सून नातीकडे बघून हसली. "आमच्या या बयेनं त्यांच्या खिशातून बिडी काढली, तोंडात धरली आणि आबांसारखे गाल फुगवून फू फू करत घरभर फिरली. आबांनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून ओढली नाही एकही. तुम्हाला नव्हतं सांगितलं? रोज तुमच्याकडेच तर बसायला यायचे."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. नात माझ्या पिशवीत हात घालून बिबडा मोडत होती. सून काहीतरी बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. पोळ्यापासून. म्हणजे दिवाळीपर्यंत हा माणूस रोज माझ्या ओट्यावर बसून बिडी पेटवायचा आणि विझू द्यायचा. पेटवायचा, विझू द्यायचा. एक कश ओढायचा नाही. कॉलनीला दिसावं म्हणून, आणि कदाचित मलाही दिसावं म्हणून. बिडी नसती तर मी विचारलं असतं ना, "आबा, आज कसं काय येणं केलं?" मी तशीच आहे, पटकन विचारणारी. आणि मी त्याला वाचवायला निघाले होते! वाचलेल्या माणसाला!

बंदी बरोबरच होती. आजही मी तेच म्हणते, आणि टपरीवर कुणी धूर सोडताना दिसलं तर आजही सोडत नाही. लेकरांच्या तोंडावर कसला धूर? पण मेली ती बिडी एवढी वाईट, तरी तिच्या नावाखाली माणसाला कुठेतरी जाऊन बसता येत होतं. बिडी ओढायला जातो म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. एकटं वाटतंय म्हणून जातो, असं म्हणायची सोय आमच्यात कुणी ठेवलीच नाही, ना कॉलनीत, ना खेड्यात.

सुनेकडून नंबर घेतला. घरी आले, दार लावलं आणि फोन लावला. पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी भांडी घासत होतं. मग त्यांचा आवाज आला, "कोण शे?"

"गिरणीवाली," मी म्हटलं. मग माझा आवाज नेहमीसारखा चढला. "आबा, बिडी सोडली तर सांगायचं नाही का? माझ्या ओट्यावर काड्यांचा ढीग घातला तो घातला! इकडे माझा जीव टांगणीला! मला वाटलं तुमचा दम संपला!"

ते हसले.   मग अगदी हळू म्हणाले, "अक्का, आते काय सांगीसन येऊ मी?"

आता काय सांगून येऊ.  मी खोलीत उभी होते, समोर बंद शटर, शेजारी मोटार काढल्याची जागा, फरशीवर चार बोल्टांची भोकं.  रडका आवाज काढणं मला येत नाही.

मी म्हटलं, "दळण घेऊन या."

"गिरणी ते बंद शे ना, अक्का?"

"बंद आहे. मग थांबावं लागेल ना ओट्यावर."

फोन चालूच होता. पलीकडे कोंबडी गप्प झाली होती. मी कान लावून ऐकत होते, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोकळा, कुठेही न अडखळणारा. मग त्यांनी विचारलं, "ज्वारी आनू का गहू?"